गोळी आणि अंगारा: मनाच्या आजाराबद्दल गावाकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात आमचं आठ एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर घेतो, आणि वीसेक वर्षांपासून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मधल्या काळात मला नैराश्याचा आजार झाला, त्यात दोन हंगाम गेले. आता महिन्यातून एकदा गावातल्या दोघाचौघांना घेऊन एसटीनं दवाखान्यात जातो. खालचे बहुतेक प्रश्न एसटीतच विचारले गेलेत, कारण तिथे घरचं माणूस कान लावून बसलेलं नसतं. औषधांबद्दलची उत्तरं दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंकडून पक्की करून घेतलेली आहेत. बाकीची माझी.

"माणूस माळकरी, एकादशी चुकवत नाही. त्याले असं कसं झालं?"

आमच्या मंडळात अकरा जण आहेत. तिघांना बीपी, एकाला शुगर, एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि मला हे. बीपीवाल्यांना कोणी विचारलं नाही की बाबा, तुझी भक्ती कुठं कमी पडली. मला विचारलं.

मनाच्या आजारात मेंदूतल्या रसायनांचा भाग असतो, घराण्यातून आलेलं काही असतं, वर कर्ज, दारू, बाळंतपण, कोणाचं जाणं असं काहीतरी निमित्त होतं. माळ घातली म्हणून यातलं काही टळत नाही. आणि "भक्ती कमी पडली" हे वाक्य आजारी माणसाला फार लागतं. तो आधीच स्वतःला नालायक समजत असतो, त्याला आता देवाकडूनही शिक्का मिळतो. मी ते ऐकून सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास धरले होते. वजन नऊ किलोनं उतरलं, बाकी काही झालं नाही.

"मग देवाधर्माचा फायदा हाये का नाही?"

आहे. पण तो लोक समजतात त्या जागी नाही.

नैराश्यात बऱ्याच जणांना पहाटे तीनलाच जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. दिवसातला सगळ्यात वाईट वेळ तोच. आढ्याकडे बघत पडायचं, आणि छातीवर कोणी वरवंट्यासकट पाटा ठेवलाय असं वाटायचं. त्या साली कोजागिरीनंतर देवळात काकडा सुरू झाला. मी जायचं सोडलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या पहाटे आमच्या मंडळाचे म्हातारे विणेकरी बॅटरी घेऊन दारात आले. कसा आहेस, काय झालं, काही विचारलं नाही. म्हणाले, "पेटी कोण वाजवन?" आणि उभे राहिले. बायकोनं अंगावर घोंगडी टाकली, मी गेलो. बोटं लाकडासारखी झालेली, सूर चुकत होते. टाळ काही थांबले नाहीत. कोणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि तेच बरं वाटलं.

कार्तिक पौर्णिमेपर्यंत रोज गेलो. आंघोळ होऊ लागली, पहाटेचे दोन तास माणसांत जाऊ लागले. पुढे डॉक्टरीण बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, उत्साह येण्याची वाट न बघता ठरल्या वेळी ठरलेलं काम करायला लावणं हा नैराश्याच्या उपचाराचाच भाग आहे. तुमच्या विणेकरीबुवांनी तो फुकट केला.

आता उरलेलं अर्धंही सांगतो, कारण देवळात बोलताना लोक ते गाळतात. काकडा संपला आणि आठ दिवसांत मी होतो तिथंच परत गेलो. झोप आली ती गोळ्या सुरू झाल्यावर, तिसऱ्या आठवड्यात. काकड्यानं मला दवाखान्यापर्यंत टिकवलं, असं माझं मत आहे.

"कोणता विधी चांगला अन् कोणता वाईट, हे ओळखायचं कसं?"

मी चार गोष्टी बघतो: झोप, जेवण, गोळी, माणसं. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बसल्यावर माणूस घरी येऊन जेवतो, झोपतो, गोळी घेतो, चार जणांशी बोलतो, तर ती प्रार्थना त्याच्यासाठी चांगली. तुकडोजी महाराजांच्या मंडळांमुळे आमच्याकडे गावोगावी ती सोय आहे, अर्ध्या तासात उरकते, पैसा लागत नाही. उलट एखाद्या साधनेनं माणूस रात्रभर जागतो, खात नाही, गोळी फेकतो, खोलीत कोंडून घेतो, तर ती साधना कितीही मोठ्या महाराजांनी सांगितलेली असो, त्याच्यासाठी वाईटच.

पाचवी गोष्ट पैसा. आजारपणात नवस बोलून त्यासाठी कर्ज काढणारी घरं मी बघितली आहेत. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. देवाच्या नावानं बोकड मारू नका, कर्ज काढू नका, हे ते कीर्तनात शिव्या घालून सांगायचे. १९५६ साली गेले. बोकडं अजून कटतातच.

"उपास हाये, गोळी घेऊ का नोको?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर गोळीगणिक वेगळं आहे. पाण्याबरोबर गोळी घेतल्यानं उपास मोडत नाही, हे बहुतेक घरांत मान्य होतं. काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर मळमळतं, त्यांच्याबरोबर भगर, दूध, केळं चालतं. डॉक्टरांना विचारायचं एवढंच: ही गोळी जेवणानंतरचीच आहे का, आणि तिची वेळ बदलली तर चालेल का. रोजे धरणाऱ्यांनी रमजानच्या आधीच विचारून इफ्तार आणि सहरीच्या वेळेत बसवून घ्यावं. आजाऱ्याला रोजातून सूट धर्मानंच दिलेली आहे, हे आमच्या गावच्या मौलानांनी मला स्वतः सांगितलं.

एक गोळी मात्र वेगळी: लिथियम. ज्याला कधी अतिउत्साह आणि कधी नैराश्य येतं, त्या आजारात ती देतात. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की तिचं रक्तातलं प्रमाण चढतं. म्हणून हरतालिकेसारखा निर्जळी उपास लिथियमवाल्यानं करायचा नाही. उपासाचं म्हणून एकदम मीठ सोडायचं नाही. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं, बोलणं बोबडं होणं ही लक्षणं दिसली तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पायी वारी करणाऱ्यांसाठी याच्यात आणखी एक पोटप्रश्न आहे. शेगावची पालखी पंढरपूरला महिनाभर चालत जाते, आमच्याकडून माहूरलाही लोक पायी जातात. दोन दिवसांत गुडघे बोलू लागतात आणि वाटेत कोणीतरी दुखण्याची गोळी हातावर ठेवतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनीही लिथियम चढतं. घाम, कमी पाणी आणि वर ही गोळी, असं तिन्ही एकत्र आलं की काम बिघडतं. वारीला जा, पण डॉक्टरांना सांगून, आणि गळ्यातल्या पिशवीत आपल्या गोळ्यांची चिठ्ठी ठेवून.

"पोरगा सप्ताहात दिवसरात्र देवळातच. घरचे खुश हायेत. तुम्ही काऊन काळजी करता?"

कारण हे मी दोनदा पाहिलंय. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, आधी देवळाच्या पायरीलाही न फिरकणारा. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी विणा घेतला तो खाली ठेवायलाच तयार नाही. बाया म्हणाल्या, काय पुण्यवान लेकरू. तिसऱ्या रात्रीही झोप नाही आणि थकवाही नाही. चौथ्या दिवशी कीर्तनकार बुवांच्या हातून माइक घेऊन त्यानं जाहीर केलं की गजानन महाराज आपल्या रूपानं परत आले आहेत. पाचव्या दिवशी बापाची बैलजोडी एकाला दान देऊन टाकली. ज्यानं घेतली त्यानं रात्री गुपचूप परत आणून बांधली, एवढं गाव आमचं चांगलं.

भक्तीतल्या माणसाला जागरणानंतर झोप येते. तो दुसऱ्याचं ऐकतो, टाळ धरायला सांगितलं तर टाळ धरतो. उन्मादाच्या आजारात झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं धावतं, खर्च सुटतो, अडवलं की चिडतो, आणि देव सगळ्यांचा न राहता फक्त त्याचा होतो. ज्याला हा आजार आधी होऊन गेलाय त्याला दोन रात्रींचं जागरणसुद्धा पुन्हा आजारात ढकलू शकतं. त्यानं सप्ताहात यावं, दहा वाजता घरी जाऊन झोपावं. गजानन महाराजांच्या विजय ग्रंथाचे एकवीस अध्याय एका बैठकीतच वाचले पाहिजेत असं नाही. रोज एक वाचला तर एकवीस दिवसांत होतात. तीन दिवसांचं पारायणही लोक करतात.

"देवासमोर उभी राहिली की मनात देवाबद्दल घाण घाण येते. मी पापी हाओ का?"

एका ताईनं हे बसस्टँडवर, ओढणी तोंडाला लावून, अकरा वर्षांनी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. तिचं कसं होतं ते ऐका. दिवा लावायला गेली की मूर्तीबद्दल शिवी किंवा नको ते चित्र मनात यायचं. मग विटाळ झाला म्हणून पुन्हा आंघोळ. पुन्हा दिवा, पुन्हा विचार. हिवाळ्यात सकाळी सात सात वेळा आंघोळ, हाताची सालटं निघालेली. सासूला वाटायचं, सून फार सोवळ्याची.

आपल्या भाषेत याला शब्द आहे, मंत्रचळ. हा आजार आहे, पुष्कळांना होतो, आणि तो नेमका ज्याचा माणसाला सगळ्यात जास्त आदर किंवा भीती आहे त्यालाच धरतो. देवाची कदर नसलेल्याला देवाबद्दलचा घाण विचार आला तर तो हसून सोडून देईल. तुम्हाला त्यानं रडू येतं, यावरूनच समजा की तो विचार तुमचा नाही.

इथे जास्त पूजा करून उपयोग होत नाही. दर आंघोळीनं, दर प्रायश्चित्तानं, दर "मला माफ कर"नं घटकाभर बरं वाटतं आणि आजार आणखी पक्का होतो. उपचार उलटा आहे: विचार येऊ द्यायचा आणि धुवायला उठायचं नाही. हे एकट्यानं जमत नाही, समुपदेशक थोडं थोडं करून शिकवतात. गोळ्या नैराश्याच्याच जातीच्या असतात, बहुतेकदा डोस जास्त लागतो आणि गुण यायला वेळही जास्त. त्या ताईंनी आता एक आंघोळ, एक दिवा एवढं ठरवलंय. विचार अजून येतात म्हणे. दिवा विझवून पुन्हा लावत नाहीत.

"अंगात येणं म्हणजे आजारच का?"

सरसकट नाही. नवरात्रात आरतीला, डफ वाजल्यावर ज्या बाईच्या अंगात येतं, ती आरती संपल्यावर पाणी पिते, पदर सावरते आणि घरी जाऊन भाकरी थापते. वर्षभर खालमानेनं राहणाऱ्या सुनेच्या त्या दहा मिनिटांत सासू पाया पडते. त्याचं औषध कोणत्या दुकानात मिळेल मला माहीत नाही.

पण आरती नाही, डफ नाही, कधीही, कुठंही येऊ लागलं, तिला त्याचा त्रास होऊ लागला, घरकाम सुटलं, तर दाखवा. आणि अंग ताठ होऊन झटके येतात, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते, नंतर काही आठवत नाही, तर ती मिरगी आहे. तेव्हा कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल हुंगवायची नाही.

"सैलानीले नेऊ का?"

बुलडाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर आमच्याकडून हिंदू-मुसलमान दोघंही पेशंट घेऊन जातात, होळीच्या सुमारास यात्रेला तर गाड्या भरून. जाऊ नका असं मी कोणाला म्हणत नाही. म्हटलं तरी जाणारच असतात, फक्त मला सांगायचं बंद करतील.

तमिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी डॉक्टरांनी केली होती, २००२ साली ती छापून आली. काही आठवडे तिथं राहून, औषधाशिवाय, त्यांची लक्षणं जवळपास पाचव्या हिश्श्यानं कमी झाली. विशेष विधी काही नव्हता. झाडझूड, झाडांना पाणी, राहायला जागा, आणि कोणी हाडतुड करत नव्हतं. त्याच राज्यात एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. आतली माणसं साखळदंडानं बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जण गेले.

तेव्हा जागा कोणत्या धर्माची हे बघू नका, साखळी आहे का ते बघा. मनोरुग्णाला बेडी-साखळी घालायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे, घरातसुद्धा. सोबत घरचं माणूस राहू द्या, गोळ्या सोबत न्या, बाईपेशंटला एकटं ठेवू नका. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा आणि दुआ शेजारी शेजारी मिळतात, मुजावर स्वतःच पेशंटला आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. असं आपल्याकडे जागोजागी व्हायला काय अडचण आहे, मला कळत नाही.

"भगत म्हणते, गोळी बंद कर, तवाच उतारा लागते."

उठून या. इतकं साधं आहे हे. भूत काढतो म्हणून मारणं, बांधणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो कायदा आपल्या देवावर आला आहे असं गावात पसरवतात ते खोटं. भजन, कीर्तन, पारायण, वारी, प्रदक्षिणा यांना तो लागू होत नाही, हे त्यातच लिहिलंय.

"आम्ही बौद्ध. आमच्यात नवस ना अंगारा. आम्ही काय धरावं?"

विहारातली वंदना, पौर्णिमेचं एकत्र बसणं, वर्षावासातलं वाचन. काकड्यानं माझं जे झालं ते यानंही होतं, देव लागतोच असं नाही. आनापानानं, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवून बसल्यानं, बेचैनीत आराम पडतो असं करणारे सांगतात. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबाबत मात्र सावध: अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, ते लपवू नका, आणि भास होण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. दहा दिवसांचं मौन सगळ्यांना झेपत नाही.

"देव बोलावून रायला, असं म्हणते. काय समजायचं?"

याला वेदान्त समजू नका. "आता माझं काही राहिलं नाही", "विठ्ठल बोलावतोय", "लेकरांकडे बघाल ना" असं कोणी म्हणत असेल तर सरळ विचारा, मरायचे विचार येतात काय? विचारल्यानं ते विचार सुचत नाहीत. माझ्या मेहुण्यानं मला असंच धुऱ्यावर बसून विचारलं होतं आणि मी पहिल्यांदा हो म्हणालो. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच्या हाती लागणार नाही असं, शक्यतो दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो.

आणि देवावरचा राग? "माझ्याच नशिबी काऊन?" असं देवाला विचारणं पाप नाही, नामदेवही विठ्ठलाशी भांडले. भांडण चालू आहे तोवर नातं आहे. "देवानं मला टाकलं, ही माझी शिक्षा आहे" असं माणूस शांतपणे म्हणू लागतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"नवस फिटला, आता बरं हाये. गोळ्या सोडू ना?"

नवसाचा आणि गोळ्यांच्या पट्टीचा हिशेब वेगळा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. काही आजारांत वर्षानुवर्षं. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, आणि पुष्कळदा आजारच परत. सोडायच्याच असतील तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. ज्या माणसानं नारळ फोडून त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या, त्याला मी दोन महिन्यांनी पुन्हा त्याच एसटीत घेऊन गेलो. तो देवावर चिडलेला होता. देवाचा त्यात काय दोष?

"न्यायचं कुठं?"

आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा, मनोविकाराची टीम कोणत्या वारी येते. जिल्हा रुग्णालयात विभाग असतो. आशाताईंना सांगा, शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात त्यांनी घरोघर विचारपूस केलेली आहे, त्यांना वाट माहीत असते. वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं आहेत, आणि नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. त्याला पागलखाना म्हणणं सोडा, तिथं रोज ओपीडी असते आणि लोक गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येतात.

"तुम्ही आता देवाले मानता का गोळीले?"

माझ्या पेटीच्या खोक्यात एका कोपऱ्यात शेगावच्या अंगाऱ्याची पुडी आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात पट्टी असायची. माझ्या गोळ्या तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी उतरवत उतरवत बंद केल्या, पण रिकामी पट्टी मी अजून काढली नाही, नवीन पोरं विचारतात तेव्हा दाखवायला होते.

विणेकरीबुवा गेले. कार्तिकात आता मीच बॅटरी घेऊन एका दारात उभा राहतो. आत एक पोरगा आहे, बी.एस्सी. झालेला, दोन वर्षांपासून घरातच. मीही काही विचारत नाही, फक्त म्हणतो, "टाळ कोण धरन?" मागच्या कार्तिकात त्यानं तीन दिवस दार उघडलं. बाकीचे दिवस नाही.